पोताचा भार

नव्या फ्लॅटमध्ये हॉलची एक भिंत हल्ली ‘टेक्श्चर’ची असते. तीन भिंतींना साधा रंग, आणि सोफ्यामागच्या नाहीतर टीव्हीमागच्या चौथीवर रंगाऱ्याने खास रोलर, स्पंज किंवा दातेरी पट्टी फिरवून काढलेल्या लाटा, खवले, भेगा. तिचा चौरस फुटाचा दर वेगळा आणि कॅटलॉगही वेगळा. यात गैर काही नाही, भिंत सजवायची हौस माणसाला फार जुनी आहे. गंमत अशी की याच भिंतीवर टांगायला जे अमूर्त चित्र निवडलं जातं, त्याच्याकडूनही पुष्कळदा एवढीच अपेक्षा असते. कॅनव्हासवर मॉडेलिंग पेस्टचा जाड थर, त्यात ओढलेल्या चार रेघा, कुठे तागाचा तुकडा, कुठे सोनेरी वर्ख, आणि विकणारा सांगतो, ‘हात फिरवून बघा.’ इथे पोत म्हणजे चित्र झाल्यावर वरून चढवायची गोष्ट. चित्राची रचना आधी ठरते, पोत नंतर येतो, अशी ही समजूत आहे. ती बाजारातच आहे असंही नाही. कलाशिक्षणात, समीक्षेत आणि प्रदर्शन पाहून बाहेर पडणाऱ्यांच्या बोलण्यातही ती सर्रास सापडते: रचना म्हणजे डोक्याचं काम, पोत म्हणजे हाताचं, एक हाडं, दुसरं कातडी.

ही वाटणी मला चुकीची वाटते. अमूर्त चित्रात, आणि विशेषतः मिश्र माध्यमाच्या कामात, पोत भार वाहत असेल तरच त्याला तिथे असण्याचा हक्क आहे. तो भार वाहतो की नाही हे तपासायची एक साधी रीत आहे. मनातल्या मनात चित्राचा पृष्ठभाग खरवडून सपाट करायचा. आकार, रंग आणि त्यांच्या जागा तशाच ठेवायच्या, फक्त खडबडीतपणा, चिरा, टाके, जळके डाग, रंगाची जाडी एवढं काढून टाकायचं. मागे राहिलेलं चित्र थोडं फिकं पण शाबूत दिसलं, तर पोत दागिना होता. ते ढासळलं, काय कुठे का आहे याला कारणच उरलं नाही, तर आपण ज्याला पोत म्हणत होतो तीच त्या चित्राची रचना होती, फक्त जवळून पाहिलेली. गोधडी घेतली की हे लगेच पटतं. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक ठेवून त्यांतून धावदोरा घातला जातो. अंगाला लागणाऱ्या त्या बारीक सुरकुत्या, ओळीने आलेले खोलगट ठिपके हा गोधडीचा पोत. पण तो दोरा उसवला की हातात गोधडी राहत नाही, चिंध्यांचा ढीग राहतो. थरांना धरून ठेवणारी गोष्ट आणि बोटांना जाणवणारी गोष्ट एकच आहे.

मूर्त चित्रात हे दडून राहतं, कारण तिथे भार वाहायला दुसरं कोणी असतं. माणूस, झाड, घोडा ओळखू आला की नजरेला धरायला खुंटी मिळते. रंग कसाही लावलेला असला तरी घोडा घोडाच राहतो. अमूर्तात ही खुंटी काढून घेतलेली असते. मग अमुक पट्टा अमुक जागी का थांबला, हा काळा त्या करड्याच्या पुढे आहे की मागे, आधी काय झालं आणि मग काय, या प्रश्नांची उत्तरं रंग पृष्ठभागावर कसा बसला आहे यातूनच मिळवावी लागतात. तिथे पोत हा साक्षीदार असतो. थर कोणत्या क्रमाने आले, कोणता ओला असताना दुसरा आला, कुठे हात थबकला, कुठे मागे फिरला, हे सगळं तो सांगतो. ही साक्ष नसेल तर अमूर्त चित्राचं नक्षीकाम व्हायला वेळ लागत नाही.

हा प्रश्न आजच्या रूपात उभा राहिला तो 1912 साली. त्या वसंतात पिकासोने एका छोट्या लंबगोल कॅनव्हासवर मेणकापडाचा तुकडा चिकटवला. त्यावर वेताच्या खुर्चीची जाळी छापलेली होती. भोवती चौकटीच्या जागी खराखुरा सुंभ गुंडाळला. चित्र वीतभराहून थोडं जास्त उंच आणि उंचीपेक्षा थोडं अधिक रुंद. आज ते पॅरिसच्या पिकासो संग्रहालयात आहे. त्यात वेताची वीण दिसते, पण हाताला गुळगुळीत मेणकापड लागेल. म्हणजे तिथला पोत चक्क थाप आहे, आणि खरा पोत आहे कडेच्या दोराचा, ज्याला एरवी कोणी चित्राचा भाग मानलं नसतं. तरीही माझ्या कसोटीला हे चित्र उतरतं. मेणकापड काढून त्या जागी तेवढाच पिवळट करडा रंग भरला तर वरच्या रंगवलेल्या तुकड्यांना टेकायला बैठकच उरत नाही. कोणती गोष्ट वस्तू आणि कोणती वस्तूचं चित्र, या ताणावर सगळं बेतलेलं आहे आणि तो ताण पृष्ठभागांच्या फरकाखेरीज दुसऱ्या कशातही नाही. त्याच वर्षी चित्रकार ब्राक रंगात वाळू मिसळत होता, लाकडाच्या रेषांचा भास देणारा कागद चित्रात चिकटवत होता, आणि ओल्या रंगातून दातेरी फणी फिरवून लाकडी पोत काढत होता. ती फणी त्याने कलाशाळेत उचललेली नव्हती. त्याचं घराणं रंगाऱ्यांचं, आणि खोट्या संगमरवराच्या, खोट्या लाकडाच्या भिंती रंगवायचं रीतसर शिक्षण त्याने घेतलेलं होतं. म्हणजे आपल्या हॉलच्या चौथ्या भिंतीवर फिरणारी पट्टी एकदा चित्रकलेत येऊन, तिथे मोठी उलथापालथ करून, मग निमूटपणे पुन्हा भिंतीवर गेली आहे. अवजाराला दोष देऊन भागत नाही ते यामुळेच.

रचना आणि पोत वेगळे शिकवायची सवय मात्र पुढच्या पिढीची. बाउहाउस या कलाशाळेत मोहोली-नॉज हा शिक्षक साहित्याचा अभ्यास करून घेताना तीन गोष्टी वेगळ्या करायचा: पदार्थाची आतली घडण, त्या घडणीमुळे त्याला आपोआप आलेला बाहेरचा पृष्ठभाग, आणि त्यावर काम केल्याने उमटलेली खूण. 1929 साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात ही विभागणी आहे. ती कामाची आहे. लाकडाचे तंतू ही घडण, साल हा पृष्ठभाग, रंध्याचा माग ही खूण. पण वेगळं करून पाहिलेलं पुढे एकत्र कसं येतं, हा त्या अभ्यासाचा खरा गाभा होता, आणि जगभरच्या कलाशाळांत तो पोचताना वाटेत सांडला. राहिले ते चौकोन आखलेले तक्ते: एका चौकोनात खडबडीत, एकात गुळगुळीत, एकात पानाचा ठसा, एकात मेणखडूने घासलेलं नाणं. विद्यार्थी पोत ‘करायला’ शिकतो. त्याला जागा कोणती आणि काम कोणतं, हे कोणी विचारत नाही. चौकोनातल्या पोताला काही धरून ठेवायचंच नसतं.

धरून ठेवणारा पोत पाहायचा तर आल्बेर्तो बुरीकडे जावं. हा मुळात डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या सैन्याबरोबर होता, 1943 मध्ये ट्युनिशियात पकडला गेला आणि टेक्ससमधल्या हेरफर्डच्या युद्धकैद्यांच्या छावणीत पोचला. चित्रं काढायला त्याने तिथेच सुरुवात केली. इटलीत परतल्यावर वैद्यकी सोडली ती कायमची, आणि 1950 च्या आसपास पोत्यांची चित्रं करायला घेतली. धान्याची जुनी, भोकं पडलेली, ठिगळं लावलेली गोणपाटं जोडून, शिवून, ताणून केलेली ही चित्रं. यात गोणपाट कॅनव्हासवर चिकटवलेला ऐवज नाही, बऱ्याच ठिकाणी तेच चित्राचं अंग आहे. त्याला ताण दिला की विणीचे धागे एका बाजूला झुकतात, भोक लांबट होतं, त्याच्या कडेला टाका घातला की तिथे घडी पडते आणि घडीची सावली एक रेषा होते. ही रेषा कोणी काढलेली नाही, ती ताणातून आलेली आहे. टाका दिसतो तिथे खरोखरच दोन तुकडे एकमेकांना धरून आहेत. भोकातून मागचा काळा किंवा लाल दिसतो तो चित्राच्या पातळीमागे खरोखरच आहे, मागे असल्याचा भास नाही. यातला पोत काढून टाकण्याचा विचारही करता येत नाही. काढायचं तर चित्रच भिंतीवरून काढावं लागेल.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. गोणपाट म्हणजे नुसता पोत थोडाच आहे? ते गरिबी सांगतं, युद्ध सांगतं. डॉक्टरने घातलेले टाके म्हटले की जखम आठवते. मग इथे भार वाहतोय तो पोत की त्यामागची कथा? आणि कथाच असेल तर हे अमूर्त तरी कसलं? समीक्षकांनी बुरीच्या चित्रांत रक्ताळलेली बँडेजं पहिल्यापासून पाहिली. बुरीने स्वतः असली स्पष्टीकरणं द्यायला कायम नकार दिला. कलावंताचा नकार हा काही निकाल नसतो, कारण पाहणाऱ्याच्या मनात जे येतं ते येतंच. पण एक करून पाहण्यासारखं आहे. युद्धाची आठवण देणारं गोणपाट कसंही लटकवलं तरी ती आठवण तेवढीच यायला हवी. तसं होत नाही. गोणपाट लावलेली असंख्य चित्रं पुढच्या सत्तर वर्षांत झाली, त्यांतल्या बहुतेकांपुढे उभं राहिल्यावर बाजार समिती आठवते. बुरीच्या चित्रात जखम आठवते कारण ताण, भोक आणि टाका यांची जुळणी तशी आहे. पदार्थ अर्थाची शक्यता घेऊन येतो, तो अर्थ उभा राहतो रचनेत, आणि इथे रचना पोतातच आहे.

पुढे सत्तरच्या दशकात बुरीने भेगांची चित्रं केली तेव्हा हे आणखी उघड झालं. पांढरा रंग, केओलिनसारखी माती आणि चिकट द्रव्य यांचा लगदा फळीवर जाड पसरायचा आणि वाळू द्यायचा. वाळताना तो आकसतो आणि तडकतो. थर जाड तिथे भेगा रुंद आणि तुकडे मोठे. पातळ तिथे बारीक जाळी. म्हणजे चित्रकार भेग काढत नाही, जाडी ठरवतो, आणि भेगेची वाट जाडी ठरवते. कुठे थांबायचं हे गोंद ओतून ठरवता येतं. रेखाटन, आकारांची वाटणी, पोत अशी तीन कामं इथे वेगळी सांगताच येत नाहीत. हीच कल्पना त्याने सिसिलीतल्या जिबेलीना गावी नेली. जानेवारी 1968 च्या भूकंपात हे गाव जमीनदोस्त झालं आणि नवं गाव दूर वसवलं गेलं. जुन्या गावाच्या ढिगाऱ्यावर बुरीने पांढऱ्या काँक्रीटचं आवरण घातलं. दीडएक मीटर उंचीचे ठोकळे आणि त्यांमधून माणूस चालत जाईल अशा भेगा. काही ठिकाणी त्या जुन्या गल्ल्यांच्या वाटेने जातात. काम 1984 ते 1989 चाललं, पैशाअभावी थांबलं आणि 2015 मध्ये पुरं झालं. डोंगरावरून पाहिलं तर तो पोत दिसतो, आत शिरलं तर रस्ता. मग रचना आणि पोत यांत फरक आहे तो अंतराचा, असं म्हणायला मी तरी धजेन. दुरून ज्याला आपण पोत म्हणतो तीच जवळून रचना असते. चित्राच्या बाबतीत हेच उलट्या दिशेने घडतं: दुरून रचना दिसते, पुढे सरकलं की तीच पोत होते.

पण माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार सापडतो तो बुरीत नाही, शांतिनिकेतनमध्ये केलेल्या काही पांढऱ्या कागदांत. सोमनाथ होर 1921 साली चितगाव भागात जन्मले. 1943 चा बंगालचा दुष्काळ त्यांनी विशीत पाहिला आणि कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रासाठी त्या भुकेल्या माणसांची चित्रं काढली. पुढे ते मुद्राचित्रणातले मोठे जाणकार झाले, शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकवू लागले. सत्तरच्या दशकात त्यांनी ‘जखमा’ ही मालिका केली. तिची कृती मुळातून समजून घेण्याजोगी आहे. मातीच्या किंवा मेणाच्या सपाट पाटावर सुरीने चिरायचं, तापवलेल्या सळईने भोसकायचं, कुठे खरवडायचं. त्यावर सिमेंट ओतून साचा घ्यायचा, म्हणजे मातीतली चीर सिमेंटमध्ये उंचवटा होते. मग त्या साच्यावर कागदाचा ओला लगदा दाबून बसवायचा आणि वाळला की सोडवायचा. उंचवटा पुन्हा चीर होतो. शाई नाही, छपाईचा दाब नाही, रेष ओढलेली नाही. क्वचित कुठे लालसर छटा, बाकी पांढऱ्यावर पांढरं.

या कागदासमोर सरळ उभं राहिलं आणि दिवा समोरून पडत असला तर जवळजवळ काहीच दिसत नाही, जाडसर हातकागदाचा एक तक्ता एवढंच. दिवा बाजूला सरकवला, प्रकाश पृष्ठभागाला घासून जाऊ लागला, की चिरेची एक कड उजळते आणि दुसरी काळवंडते. चिरेच्या ओठाशी लगदा किंचित वर उचललेला, फाटताना मागे दुमडल्यासारखा. टोकाशी चीर निमुळती होत कागदात विरते. मध्ये एखादं बोथट छिद्र, सभोवती बारीक फुगवटा. चित्रातली प्रत्येक रेषा सावलीची आहे आणि दिवा हलला की ती हलते. यातला माझ्यासाठी महत्त्वाचा भाग असा: हा कागद आधी कोरा होता आणि नंतर त्यावर जखम झाली, असं घडलेलंच नाही. लगदा साच्यावर पडला तेव्हा त्याचा कागद झाला तो जखमेसकटच. कोरा असण्याची अवस्था त्याच्या वाट्याला कधी आलीच नाही. पोत वरून चढवता येतो या समजुतीला याहून सडेतोड उत्तर मला माहीत नाही. इथे खरवडून पाहण्याची कसोटीही थिटी पडते, कारण खरवडायला खाली दुसरा थर नाही. आणि दुष्काळात हाडं मोजून काढणारा चित्रकार माणसाचं शरीर वगळून इथवर आला, हे कळलं तर पाहणं गडद होतं. पण ते न कळताही कागद आपलं काम करतो.

यावर कोणी म्हणेल, ही उदाहरणं सोयीची निवडली आहेत. जिथे पदार्थच कापलेला, जळलेला, तडकलेला आहे तिथे पोत महत्त्वाचा असणारच. चित्रकार जेराम पटेलांनी प्लायवुडवर ब्लोटॉर्च चालवला, तिथेही तेच. नुसत्या रंगाच्या चित्राचं काय? म्हणून गायतोंड्यांचा विचार करायचा. वासुदेव गायतोंडे मूळचे गोव्याच्या घराण्यातले, जन्म 1924 चा नागपूरचा, वाढले गिरगावात, शिकले जे.जे.मध्ये. आपल्या चित्रांना अमूर्त म्हणणं त्यांना पसंत नव्हतं, त्यांचा शब्द ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’. साठच्या दशकापासून त्यांचं मुख्य अवजार ब्रश राहिलं नाही. रोलरने रंग पसरायचा, पॅलेट नाइफने तो ओढून काढायचा, कागदाचे तुकडे वापरून रंग लावायचा नाहीतर उचलायचा, पुन्हा पातळ थर द्यायचा. उभा कॅनव्हास, एकाच रंगाच्या छटांचं धुकं, त्यात लिपीसारखे वाटणारे पण वाचता न येणारे आकार. फोटोत पाहिलं तर हे आकार धुक्यावर ‘ठेवलेले’ वाटतात आणि इथेच नजर फसते. जवळ गेलं की कळतं, कित्येक ठिकाणी आकार म्हणजे रंग काढून घेतल्यावर वर आलेला खालचा थर आहे. पुढे दिसणारी गोष्ट प्रत्यक्षात मागची आहे. त्या चित्रांत जो तरंगल्याचा भास होतो, जो पाहून अनेकांना ध्यान वगैरे शब्द आठवतात, त्याचं साधं कारण हे की पुढचं-मागचं यांचा हिशेब डोळ्याला लागत नाही. ध्यानाबद्दल मला बोलायचं नाही, त्यावर पुरेसं बोलून झालं आहे. मुद्दा एवढाच की हा सगळा परिणाम लावणं आणि काढणं यांच्या क्रमातून येतो आणि तो क्रम पृष्ठभागावरच वाचता येतो. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने 2014 मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्याच्या नावात ‘प्रक्रिया’ हा शब्द होता, तो उगीच नव्हता.

‘रोलर फिरवला की काहीतरी उमटणारच, त्यात योगायोग किती आणि चित्रकार किती?’ हा प्रश्न नेहमीचा आहे. योगायोग भरपूर आहे, नाकारायचं कशाला? पण उमटलेल्यातलं काय ठेवायचं आणि कशावर पुन्हा थर द्यायचा, हे योगायोग ठरवत नाही. गायतोंडे वर्षाला मोजकेच कॅनव्हास करत. रोलरला तर एका दुपारी दहा कॅनव्हास भरता येतात.

याहून अवघड आक्षेप गुळगुळीत चित्रांचा आहे. प्रभाकर बरव्यांचा कॅनव्हास घ्या. एनॅमल रंगाचा सपाट, थंड पृष्ठभाग, हाताला काही लागणार नाही, आणि तरी मराठी चित्रकलेत रचनेचा एवढा बारकाईने विचार करणारे लोक थोडे. ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला पोताची गरज पडली नाही, मग माझं म्हणणं उरतं कुठे? मला वाटतं, उरतं आणि जरा जास्त ठाम होतं. पान, घड्याळ, शिंपला, टाचणी अशा वस्तू बरवे मोकळ्या जागेत सोडतात. त्या वस्तूंना वजन नाही, त्या कुठे टेकलेल्या नाहीत, हे पटायला मागची जागा नजरेला थारा न देणारी हवी. तेलरंगाचा जाड हात तिथे लागला असता तर ती जागा लगेच भिंत झाली असती नाहीतर माती. एनॅमल तसं होऊ देत नाही. गुळगुळीतपणा हाही निवडलेला पोत आहे आणि बरव्यांकडे तो पूर्ण भार वाहतो. नसरीन मोहमदींच्या शाईच्या आणि पेन्सिलच्या रेषांचंही तसंच. आराखडे काढायच्या उपकरणांनी ओढलेल्या, वरवर यंत्रवत. जवळून पाहिलं तर शिशाचा दाब कमी होत जातो, रेष कागदाच्या कणांवरून घसरत तुटक होते, आणि त्या विरण्यातूनच कागदाला खोली येते. मोंद्रियानची चित्रंही पुस्तकात छापील वाटतात. प्रत्यक्षात त्याच्या पांढऱ्या चौकोनांत ब्रशाच्या दिशा वेगवेगळ्या आहेत, आणि 1920 च्या दशकाच्या सुरुवातीच्या काही चित्रांत काळी रेष कडेला पोचायच्या जरा आधीच थांबते. ‘सपाट’ हे विशेषण बहुतेक वेळा छपाईने दिलेलं असतं.

मग उरतो भिंतीचा प्रश्न. चार पावसाळे खाल्लेली मुंबईतली कुठलीही भिंत बघा. शेवाळाचे हिरवे-काळे ओघळ, पोपडे, खाली दिसणारा जुना निळा चुना, फाडलेल्या पोस्टरांचे थर. बुरी आणि चित्रकार तापिएस यांना मिळूनही जमली नसती अशी. तिच्यात क्रम आहे, थर आहेत, काळ आहे. माझ्या व्याख्येने तिच्या पोतात साक्षही आहे. मग ती चित्र का नाही? तापिएसने संगमरवराची पूड आणि वाळू कालवून भिंतींसारखे पृष्ठभाग केले तेव्हा हा प्रश्न त्याने जाणूनबुजून ओढवून घेतला होता. माझं उत्तर असं की भिंतीच्या पोताला कशालाच जबाबदार राहावं लागत नाही. तिथला ओघळ वीतभर डावीकडे सरकला असता तर काही बिघडलं नसतं. चित्राला कड असते, आणि कड आली की प्रत्येक ओरखडा त्या कडेपासून किती अंतरावर आहे याला अर्थ येतो. तापिएसच्या भिंतीत कोपऱ्यातली एक खूण अख्ख्या रिकाम्या भागाला तोलून धरते, ती हलवता येत नाही. फोटोग्राफर भिंतीचा तुकडा चौकटीत पकडतो तेव्हा तोही हीच जबाबदारी तिच्यावर लादतो, म्हणून चांगला फोटो कधीकधी चित्राच्या जवळ जातो. हे उत्तर पूर्ण आहे असा माझा दावा नाही. जिबेलीनाच्या काँक्रीटला कड शोधू गेलं तर ती डोंगरउतार आणि शेतं यांत मिसळलेली आहे, आणि तरी ते काम सैल पडत नाही. तिथे कडेचं काम बहुधा खाली गाडलेलं गाव करत असावं.

एव्हा हेस या शिल्पकर्तीच्या कामांपुढे संग्रहालयांना हा सगळा वाद व्यवहारात सोडवावा लागतो. ती 1970 मध्ये चौतिसाव्या वर्षी गेली. शेवटच्या काही वर्षांत तिने लॅटेक्स म्हणजे रबराचा चीक, जाळीदार सुती कापड आणि फायबरग्लास यांतून कामं केली. ‘एक्स्पांडेड एक्स्पान्शन’ हे 1969 चं काम घ्या: फायबरग्लासच्या खांबांमध्ये लॅटेक्स फासलेलं कापड, भिंतीला टेकवलेलं, जागेप्रमाणे पसरता किंवा मिटता येईल असं. लॅटेक्स नवं असताना लवचीक आणि फिकट, अर्धपारदर्शक होतं. हवा आणि उजेड यांनी ते तपकिरी आणि ताठ होत गेलं. आता ते काम पसरणं-मिटणं जिकिरीचं आहे. मोजमापं आहेत, फोटो आहेत, पदार्थही मिळतात. मग नवं करून ठेवायला हरकत काय? पोत ही वरची कातडी असती तर खरोखरच हरकत नव्हती, कातडी बदलली असती. तज्ज्ञांचं यावर एकमत होत नाही. त्याचं कारण मला असं दिसतं की कापड लोंबण्याची पद्धत, खांबांमधलं अंतर आणि काम आपल्याच वजनाने किती झुकेल, हे सगळं त्या लॅटेक्सच्या थराच्या जाडीवर आणि तो फासणाऱ्या हातावर अवलंबून होतं. नवा थर दिला की झोळ वेगळा पडणार, आणि झोळ वेगळा पडला की रचनाही दुसरी. म्हणून मूळ काम आहे तसं, ताठरलेलं आणि काळवंडलेलं, जपायचं आणि क्वचितच बाहेर काढायचं, हा पर्याय गैरसोयीचा असला तरी मला तोच बरोबर वाटतो. फोटोवरून नवं केलेलं काम संग्रहालयाला मांडायचंच असेल तर त्याखालच्या पाटीवर हेसचं नाव आणि 1969 हे साल लिहू नये.